सोरायसिसची वेगावस्था आणि शोधनाची घाई

मार्गशीर्ष लागला की चिकित्सालयातील त्वग्रोग्यांची संख्या वाढू लागते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाच्या गाठीशी आहे. वर्षभर कोपर, गुडघे आणि डोक्याची त्वचा एवढ्यापुरता मर्यादित राहिलेला सोरायसिस पौष-माघात पाठीवर, पोटावर, मांड्यांवर पसरतो. जुनी जाड मंडले लाल होतात, त्यांच्या कडेने नवे बारीक ठिपके उमटतात, दाह सुरू होतो आणि इतके दिवस सहन करणारा रुग्ण एकाएकी घाबरून आपल्यासमोर येतो. या अवस्थेस आम्ही प्रस्तुत लेखात वेगावस्था असे म्हटले आहे. तमकश्वासात वेगकालीन चिकित्सा वेगळी आणि वेगांतरकालीन चिकित्सा वेगळी, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. त्वग्रोगांत मात्र हा विवेक आपण पुष्कळदा विसरतो. ‘कुष्ठ म्हणजे शोधन’ हे समीकरण मनात इतके दृढ झालेले असते, की रुग्ण कोणत्या अवस्थेत आला आहे हे पाहण्याआधीच स्नेहपानाची मात्रा ठरू लागते.

ही घाई आम्हीही केलेली आहे. त्याची हकीकत प्रथम सांगणे उचित ठरेल.

सुमारे वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावाहून पन्नाशीतील एक शेतकरी आमच्याकडे आले. व्याधी बारा वर्षांचा. गेली सहा वर्षे ते एका नळीतील मलम रोज अंगास लावत होते आणि ‘फार उठले’ की गावातील एका व्यावसायिकाकडून कसलेसे इंजेक्शन घेत होते. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांना ही सर्व औषधे बंद करावयास सांगितली. त्या काळी आम्ही सर्वांनाच तसे सांगत असू आणि त्यात थोडा अभिमानही असे. दीपन-पाचन झाले, सात दिवस स्नेहपान झाले, अभ्यंग-स्वेदनानंतर वमन झाले. वेगही चांगले आले. त्यानंतर आठवड्याभरात अंगावर नवा लाल उठाव दिसू लागला. मुलगा विचारावयास आला, तेव्हा आम्ही त्याला सांगितले की दोष बाहेर पडत आहेत, हे चांगले लक्षण आहे. चौदाव्या दिवशी तो वडिलांना जीपमध्ये घालून घेऊन आला. डोक्यापासून पावलांपर्यंत त्वचा लालभडक झालेली, पायांवर सूज, नाडी अतिशय द्रुत. वैशाखाच्या उन्हात ते घोंगडी पांघरून कुडकुडत होते. जीपच्या आसनावर ओंजळभर कोंडा पडला होता. आम्ही त्यांना तत्काळ जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविले. तेथे ते अकरा दिवस होते आणि सुदैवाने वाचले. जाताना मुलगा एवढेच म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही तर चांगलं लक्षण म्हणाला होतात.”

या वाक्याने आम्हांस ग्रंथ पुन्हा उघडावयास लावले.

व्याधी आणि त्याचा वेग

सोरायसिसला आयुर्वेदातील नेमके कोणते नाव द्यावे याविषयी मतभिन्नता आहे आणि ती राहणारच. विस्तीर्ण अधिष्ठान, घाम न येणे आणि माशाच्या खवल्यांसारखी त्वचा ही एककुष्ठाची लक्षणे; काळसर वर्ण आणि घट्ट्यासारखा खरखरीत स्पर्श ही किटिभाची; घासले असता भुकटी पडणे हे सिध्माचे. एकाच रुग्णात ही तिन्ही चित्रे निरनिराळ्या ठिकाणी दिसतात. म्हणून नावाच्या वादात फार न शिरता दोषदूष्यांचा विचार करणे आम्हांस अधिक उपयोगी वाटते. तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस, लसिका ही चार दूष्ये, असा सात द्रव्यांचा संग्रह चरकाचार्यांनी सर्व कुष्ठांसाठी सांगितला आहे. त्यांतील कोणते द्रव्य या क्षणी पुढे आले आहे, हा चिकित्सकाचा खरा प्रश्न होय.

जुनाट, जाड, पांढऱ्या खवल्यांचे, फारसा दाह नसलेले मंडल वातकफप्रधान असते. वेगावस्थेत चित्र पालटते. लालिमा, उष्ण स्पर्श, दाह, स्पर्शासहत्व आणि वेगाने होणारा प्रसार ही पित्तरक्ताच्या अनुबंधाची लक्षणे होत. व्याधी तोच, परंतु त्यावर स्वार झालेला दोष निराळा. वातकफप्रधान मंडलास हितकर ठरणारे तीक्ष्ण, उष्ण, लेखन असे उपचार या अवस्थेत अपथ्य ठरतात, ते यामुळेच. आधुनिक शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्वचेच्या पेशींना तळापासून पृष्ठभागी येण्यास एरवी सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे काम तीन ते पाच दिवसांत उरकते. रोगप्रतिकार यंत्रणेतील टी-पेशी आणि इंटरल्यूकिन-१७, इंटरल्यूकिन-२३ यांसारखी संदेशवाहक द्रव्ये या घाईमागे असतात. आधीच चेतलेल्या या यंत्रणेवर आणखी एखादा आघात झाला की वेग येतो.

हा व्याधी संसर्गजन्य नाही, हे प्रत्येक रुग्णाच्या घरच्या माणसांना स्पष्ट शब्दांत सांगावे. ताट-वाटी वेगळी ठेवली गेलेली सून आम्ही पाहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव केला, त्यात रुग्णांच्या वाट्याला येणाऱ्या अशा अवहेलनेचाही विचार आहे.

वेग कशाने आला?

चरकाचार्यांच्या कुष्ठनिदानात विरुद्धाशन, वेगधारण (विशेषतः छर्दीचे), शीत-उष्णाचे क्रम सोडून सेवन, नवान्न, दही, मासे, अतिलवण व अतिअम्ल पदार्थ, दिवास्वाप इत्यादी हेतू येतात. ते सर्व विचारावेतच. परंतु आज आपल्यासमोर येणाऱ्या रुग्णांत वेगाचे जे कारण आम्हांस वारंवार आढळते ते निदानस्थानात सापडणार नाही. ते म्हणजे स्टेरॉईड एकाएकी बंद करणे. आणि पुष्कळदा ते आपल्याच सांगण्यावरून बंद झालेले असते.

क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल, बीटामेथासोन ही तीव्र स्टेरॉईडे मलमाच्या रूपाने त्वचेतील शोथ दाबून ठेवतात. योग्य काळ, योग्य प्रमाणात आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरली तर ती उपयुक्त आहेत, हे मान्य करण्यात आपणांस कमीपणा वाटू नये. परंतु वर्षानुवर्षे, अंगभर, विनादेखरेख वापरून एका दिवसात थांबविली, तर दाबलेला शोथ पूर्वीपेक्षा अधिक जोराने उसळतो. पोटातून किंवा इंजेक्शनद्वारे घेतलेल्या स्टेरॉईडबाबत धोका दुहेरी असतो. त्वचेचा वेग तर येतोच, शिवाय अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असल्याने अशक्तपणा, वांत्या, रक्तदाब उतरणे असे गंभीर प्रकार घडू शकतात. सोरायसिसचे सर्वांगव्यापी लाल रूप किंवा पूयपीटिकांचे रूप उद्भवण्याचे हे एक सुपरिचित कारण आहे.

रुग्ण हे आपणहून सांगत नाही. ‘साधे मलम लावतो’ एवढेच म्हणतो. म्हणून आम्ही अलीकडे पहिल्या भेटीस घरातील सर्व नळ्या, गोळ्या, पुड्या एका पिशवीत घालून आणावयास सांगतो आणि ती पिशवी टेबलावर ओततो. त्यातून जे निघते ते कोणत्याही प्रश्नावलीतून निघत नाही. खाजेचे म्हणून घेतलेले मलम, गोरेपणासाठी मुलीने आणलेली क्रीम, गजकर्णाचे मिश्र मलम, या तिन्हींत तीव्र स्टेरॉईड असू शकते. २०१८ साली केंद्र शासनाने बाह्योपयोगी स्टेरॉईडांना असलेली सवलत काढून त्यांपैकी अनेकांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये केला, म्हणजेच ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही पिशवीतून नळ्या निघतातच.

पिशवीत निनावी पुड्याही असतात, आणि हा विषय आपल्या व्यवसायाच्या इभ्रतीचा आहे. वनौषधींचे चूर्ण म्हणून दिलेल्या पुडीने चार दिवसांत अंग स्वच्छ झाले, भूक एकदम वाढली, चेहरा वाटोळा झाला, पोटावर जांभळट रेघा उमटल्या किंवा मधुमेह नसलेल्याची रक्तशर्करा चढली, तर त्या पुडीत स्टेरॉईड आहे असा संशय धरावा. असा रुग्ण ‘पूर्वी आयुर्वेदिकच घेत होतो’ असे सांगत येतो आणि आपण निश्चिंत होतो. पुडी संपून पंधरा दिवस झाले की वेग येतो व त्याचा दोष आपल्या निर्मळ औषधावर पडतो.

मग काय करावे? बाह्य स्टेरॉईड चालू असेल तर ते पहिल्या दिवशी बंद करू नये. रोजचे एक दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोनदा, असे काही आठवड्यांत उतरवावे आणि हे ज्या त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्ण आहे त्याच्याशी पत्रव्यवहार करून करावे. मुखावाटे चालू असलेले स्टेरॉईड, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन यांना तर आपण हातच लावू नये. मेथोट्रेक्सेटविषयी औषधविक्रेत्यांना एक विशेष सूचना. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडात व्रण पडतात, रक्तपेशी घटतात आणि प्राणावर बेतू शकते. पाकिटावर वार लिहून देण्यास अर्धे मिनिट लागते.

इतर कारणांपैकी घसादुखी अवश्य विचारावी. मुलांत व तरुणांत टॉन्सिल सुजून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे बारीक ठिपके उठतात. तेथे घशातील जंतुसंसर्गाकडे लक्ष न देता केवळ त्वचेची चिकित्सा करणे व्यर्थ होय. लिथियम, रक्तदाबासाठीची काही बीटा-रोधक औषधे व क्लोरोक्विन ही व्याधी चाळवू शकतात. मद्य आणि धूम्रपान यांविषयी रुग्णाच्या पत्नीसमोर विचारू नये, उत्तर मिळत नाही. दिवाळीच्या फराळानंतरचा वेग आम्ही इतक्या वेळा पाहिला आहे की कार्तिकात आम्ही तो गृहीतच धरतो. तळण, मीठ, जागरण आणि उटण्याचे घर्षण असे चार हेतू एकाच सप्ताहात एकवटतात.

आधी बाहेरून

वेगावस्थेत आम्ही बाह्योपचारास अग्रस्थान देतो. रुग्णाची पहिली मागणी दाह शमविण्याची असते आणि रात्री झोप लागली की निम्मे भय जाते.

शतधौत घृतासारखे औषध या वेळी दुसरे नाही. गाईचे तूप तांब्याच्या पात्रात घेऊन त्यात थंड पाणी घालून तळहाताने फेसावे, पाणी काढून टाकावे, नवे घालावे, असे शंभर वेळा. सुरुवातीचा पिवळसर, रवाळ गोळा हळूहळू पांढराशुभ्र, मऊ आणि लोण्यासारखा होतो. त्यात अडकलेले पाणी त्वचेवर सावकाश सुटत राहते, त्यामुळे थंडावा तात्पुरता राहत नाही. या पाण्यामुळेच ते लवकर बिघडते. म्हणून अखेरच्या धुण्यानंतर पाणी पूर्ण निथळावे, लहान बरण्यांत भरावे आणि पंधरा दिवसांपेक्षा अधिक साठा करू नये. धुण्याच्या मध्येच काम सोडून पात्र रात्रभर ठेवले तर तांब्याचा हिरवट अंश उतरतो. असे घृत टाकून द्यावे. काही औषधालयांत यंत्राने घुसळून दहा-वीस धुण्यांत काम आटोपले जाते. पांढरा रंग तेवढ्यातही येतो. परंतु असे घृत बोटांवर चोळले असता रवा लागतो आणि तुपाचा वास राहतो. खरेदी करणाऱ्या वैद्याने वरणीत बोट घालून पाहावे, लाजू नये.

ज्यांच्या त्वचेस भेगा आहेत त्यांना पिंडतैल चांगले मानवते. मंजिष्ठा, सारिवा, राळ आणि मेण यांनी सिद्ध केलेले हे तैल वातरक्तासाठी सांगितले असले, तरी दाह आणि रूक्षता एकत्र असलेल्या त्वचेस ते योग्यच आहे. यांपैकी काहीही उपलब्ध नसेल तर साधे खोबरेल तेल द्यावे. स्नानाचे पाणी कोमट असावे. थंडीत कढत पाण्याने खसाखसा अंग धुऊन खाज मारण्याची सवय रुग्णांना असते. तिच्याइतकी हानी दुसरे कोणतेही अपथ्य करत नाही. घासणी, वजरी, दगड, सारे बंद. अंग टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच स्नेह लावावा.

आता काय लावू नये ते. मरिचादी तैल जुनाट जाड मंडलावर उत्तम काम करते, पण त्यात मरीच, अर्कक्षीर, वत्सनाभ, हरताळ यांसारखी तीक्ष्ण द्रव्ये मोहरीच्या तेलात आहेत. लालभडक त्वचेवर ते लावणे म्हणजे विस्तवावर तेल ओतणे होय. बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. बावचीतील सोरालेन त्वचेस सूर्यप्रकाशाप्रति संवेदनशील बनवते. १९७४ सालापासून आधुनिक वैद्यक हेच सोरालेन नियंत्रित अतिनील किरणांसोबत सोरायसिसवर वापरत आले, पण तेथे किरणांची मात्रा मोजून दिली जाते. वेगावस्थेत मात्रेविना केलेल्या या प्रयोगाने फोड आलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

जलौकावचरणाविषयी आमचे मत काही ज्येष्ठ वैद्यांना पटत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. पित्तोत्तर कुष्ठात रक्तमोक्षण व विरेचन हे तर चरकोक्तच. तथापि सोरायसिसचा एक विशेष स्वभाव असा, की त्वचेस जेथे ओरखडा, टोच वा भाजणे होते तेथेच नवे मंडल उगवते. ही प्रवृत्ती वेगावस्थेत सर्वाधिक असते. म्हणून वेग ओसरेपर्यंत आम्ही जलौका वा प्रच्छान करत नाही. पुढे शरदात मर्यादित जुन्या मंडलावर अवश्य करतो.

पोटातून

येथे थोडक्यात सांगता येईल. अग्नी बरा असेल तर महातिक्तक घृत शमनमात्रेत द्यावे. जिभेवर साम लेप असेल तर आधी पाचन, मग घृत. पंचतिक्त घृतानेही काम होते. कुष्ठघ्न द्रव्यांत खदिराला अग्र्य मानले आहे; त्याचा क्वाथ, किंवा क्वाथ पिण्यास कंटाळणाऱ्यांस खदिराचे सिद्धजल दिवसभर द्यावे. कोष्ठ बद्ध असेल तर मृदुविरेचनांत श्रेष्ठ म्हटलेल्या आरग्वधाचा गर रात्री द्यावा. हे अनुलोमन होय, शोधन नव्हे, हा भेद स्वतःशीही स्पष्ट ठेवावा.

रसौषधींविषयी मात्र थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते. आरोग्यवर्धिनी हे आपल्या हाताशी सदैव असणारे औषध. तिच्यात कुटकीचे प्रमाण सर्वांत मोठे असले तरी पारद, गंधक आणि ताम्रभस्मही आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाचे यकृत आधीच परीक्षेत असते; तेथे यकृताच्या तपासण्या पाहिल्याशिवाय ती सुरू करू नये आणि सुरू केल्यास ठरावीक अंतराने तपासण्या कराव्यात. गुळवेलीबाबतही सावध राहावे, कारण २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतविकार आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. वनस्पतीची ओळख पक्की असणे हा त्या चर्चेतील एक मुख्य मुद्दा होता.

रसमाणिक्याचा मुद्दा वेगळा आहे. हे हरताळाचे, म्हणजे मल्लाच्या संयुगाचे औषध. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस फाउलर नावाच्या इंग्रज वैद्याने मल्लाचे एक द्रावण प्रचारात आणले. पुढे शतकाहून अधिक काळ ते सोरायसिसवर दिले गेले आणि त्याने मंडले जातही. परंतु वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या तळहात-तळपायांवर कठीण चामखिळी आल्या व काहींना त्वचेचा कर्करोग झाला. आपले रसमाणिक्य संस्कारित आहे, मात्रा अल्प आहे, हे मान्य. तरीही ‘गुण आला म्हणून चालू ठेवा’ असे सांगून रुग्णास सहा-सहा महिने सोडून देणे शास्त्रसंमत नाही. हरताळ अनुसूची ‘ई-एक’मध्ये समाविष्ट आहे आणि अशा द्रव्यांच्या कल्पांवर वैद्यांच्या देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत छापावी, अशी औषधी निर्मात्या बंधूंना विनंती आहे.

निर्मात्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण तिच्यामुळे आमची एकदा फसगत झाली. सोरायसिसवर दक्षिणेत सिद्ध वैद्यकात वापरले जाणारे एक तैल आता आपल्याकडेही लोकप्रिय झाले आहे. पाने खोबरेल तेलात भिजवून उन्हात ठेवली की तेल जांभळट होते. ही पाने राइटिया टिंक्टोरिया या वृक्षाची. संस्कृत नामावलीत त्यास श्वेतकुटज म्हणतात, पण मराठीत तो काळा कुडा. आणि आपला पांढरा कुडा म्हणजे अतिसारात वापरावयाचा खरा कुटज. ‘श्वेतकुटज’ अशी मागणी केली तर भाबडा पुरवठादार पांढऱ्या कुड्याची पाने पाठवितो. तैल तयार होते, बाटल्या भरल्या जातात आणि गुण येत नाही. मागणीपत्रावर वनस्पतिशास्त्रीय नाव लिहावे आणि तेल उन्हात रंग बदलते की नाही ते पाहावे.

आहाराविषयी ग्रंथोक्त पथ्याची लांब यादी रुग्णाच्या हाती देण्याचे आम्ही सोडले आहे. यादी देवघरात जाऊन बसते. मजुरी करणाऱ्यास भाकरीसोबत मिरची-मीठच मिळत असेल तर त्याला पडवळ आणि जुन्या शालीचे पाठ ऐकविण्यात अर्थ नाही. त्या रुग्णाचा जो हेतू बलवान दिसेल तो एक आणि मद्य असेल तर ते, एवढेच बंद करण्याचा आग्रह धरावा. तो पाळला जातो.

ज्यांना आपल्याकडे ठेवू नये

रुग्णाच्या बोटांसह तळहात म्हणजे सुमारे एक टक्का शरीरपृष्ठ. या मापाने प्रत्येक भेटीस अंदाज घेऊन नोंद करावी. शरीराचा बहुतेक भाग, म्हणजे सुमारे नव्वद टक्के, लाल झाला तर ती सर्वांगव्यापी अवस्था होय. पण तेथवर वाट पाहत बसू नये. लाली दिवसागणिक झपाट्याने पसरत असेल, थंडी वाजत असेल, पायांवर सूज असेल, नाडी द्रुत असेल, लाल त्वचेवर बारीक पिवळ्या पूयपीटिका उठून ज्वर येत असेल, तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. अशा त्वचेतून उष्णता, जल व प्रथिने निसटत राहतात, हृदयावर ताण येतो आणि जंतुसंसर्गास द्वार मोकळे होते. गर्भिणी, वृद्ध आणि हृद्रोगी यांच्याबाबत तर क्षणाचाही विलंब नको. सोबत पत्र द्यावे. त्यात आपण दिलेली औषधे, रसौषधींसह, नावानिशी लिहावीत. हे लिहिण्यास संकोच वाटत असेल, तर ती औषधे देतानाच संकोच वाटावयास हवा होता.

सकाळी बोटांचे सांधे आखडणे, एखादे बोट संपूर्ण सुजणे, टाच दुखणे हेही विचारावे. सोरायसिसच्या पुष्कळ रुग्णांत संधिविकार असतो, आणि नखांवर खड्डे असलेल्यांत त्याची शक्यता अधिक. तो दुर्लक्षिला गेल्यास सांध्यांची विकृती कायमची राहते.

मग शोधन केव्हा?

शोधनाचे महत्त्व कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पंधरवड्यास वमन, महिन्यास विरेचन, तीन दिवसांनी नस्य, सहा महिन्यांनी रक्तमोक्षण असा क्रम कुष्ठात सांगितला आहे, तो व्याधी किती चिवट आहे हे ओळखूनच. परंतु त्याच प्रकरणी चरकाचार्य बहुदोष कुष्ठीचे शोधन पुनःपुन्हा, त्याचे प्राण सांभाळून करावे असे बजावतात. दोषांचे अतिमात्र हरण झाले तर प्रकुपित वायू दुर्बल रुग्णास मारक ठरतो. प्राणांचे रक्षण ही अट त्यांनी आधी घातली आहे.

‘दोष बाहेर पडत आहेत’ या वाक्यासही ग्रंथांत आधार नाही. सम्यक् शोधनाची लक्षणे म्हणजे लाघव, इंद्रियप्रसाद, अग्निदीप्ती. दोष खरोखर बाहेर पडले तर व्याधीचे बल घटले पाहिजे. शोधनानंतर आठवड्याभरात लक्षणे दुप्पट झाली तर तो अयोग, अतियोग किंवा अन्य व्यापद् समजून शोध घ्यावा. सिद्धिस्थानात वमन-विरेचनाच्या व्यापदांसाठी स्वतंत्र अध्याय आहे तो याचसाठी. हे वाक्य आम्ही आमच्या चिकित्सालयातून हद्दपार केले आहे.

लाली ओसरली, दाह गेला, नवे ठिपके उमटणे थांबले, झोप व अग्नी पूर्ववत झाले, स्टेरॉईड उतरून काही आठवडे लोटले, की मग ऋतू पाहून शोधन करावे. कफोत्तरास वसंतात वमन, पित्तोत्तरास शरदात विरेचन, वातोत्तरास घृतपानावर अधिक भर. हे सर्व वेगांतरकाली.

ज्या शेतकऱ्यांची हकीकत सुरुवातीस सांगितली, ते दोन वर्षांनी पुन्हा आमच्याकडे आले. आम्हांस आश्चर्य वाटले. जिल्ह्याच्या रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणि मलमाची नळी, दोन्ही पिशवीत होती. त्या तज्ज्ञांशी पत्रव्यवहार करून सुमारे चार महिन्यांत मलम उतरविले, त्या काळात शतधौत घृत आणि महातिक्तक घृत चालू ठेवले व पुढील आश्विनात विरेचन केले. कोपरांवरची मंडले आजही आहेत. थंडीत ती थोडी वाढतात, आणि तेव्हा ते फोन करून घृताची बरणी मागवितात.